मागची भिंत

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला विच्छेदनाच्या टेबलावर पोटाची पाळी आली की मुलांना घाई होते ती स्नायू गाठायची. पुस्तकात स्नायू लाल रंगवलेले असतात. त्यांना नावं असतात, तोंडी परीक्षेत त्यांचे प्रश्न येतात. त्यांच्यावर, खाली आणि अधेमधे जे पांढुरकं, चिवट काहीतरी पसरलेलं असतं ते आधी खरवडून काढायचं आणि मग अभ्यासाला लागायचं, अशी रीतच पडून गेली आहे. त्या खरवडलेल्याला मुलं सरसकट फॅशिया म्हणतात.

अशाच एका हॉलमध्ये एका विद्यार्थ्याने उजव्या जांघेचं विच्छेदन तासाभरात उरकलं. बाकीची टेबलं अजून त्वचेशीच झटत होती.

"मॅडम, झालं. दाखवू?"

मॅडम आल्या. शरीररचनाशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी फोरसेपने एक एक पडदा उचलून पाहिला आणि शेवटी एका जागी थांबल्या.

"इथली मागची भिंत कुठे गेली?"

"कुठली मॅडम? इथे स्नायू नव्हताच. नुसती फॅशिया होती, तीही पातळ. साफ केली."

"साफ केली म्हणजे?"

"बादलीत टाकली."

त्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलाला स्वतंत्र बादली होती. देहदान केलेल्या माणसाचा कणही दुसऱ्याच्या देहात मिसळू नये आणि शेवटी सगळं एकत्रच अंत्यसंस्काराला जावं, हा नियम हॉलचे मामा डोळ्यांत तेल घालून पाळत. मॅडमनी हाक मारली तसे ते आले, हातमोजे चढवले आणि शोधू लागले. "या टेबलाचं आहे ते याच बादलीत असणार, मॅडम. जातंय कुठं." थोड्या वेळाने दोन बोटं रुंदीचा एक पांढुरका तुकडा त्यांनी पाण्याने धुऊन मॅडमच्या हातावर ठेवला.

मॅडमनी तो मुलाच्या हातात दिला. "ओढून बघ." त्याने ओढला. तुकडा सहजी फाटेना.

"एका माणसाने याच थराच्या जोरावर शस्त्रक्रियेतलं एक मोठं कोडं सोडवलं," मॅडम म्हणाल्या. "मग जगाने त्या माणसाचं नाव घेत घेत नेमका हाच थर सोडून दिला. फोरसेप खाली ठेवा सगळे. आज गोष्ट सांगते."

गोष्ट कळायची तर आधी भिंत कळायला हवी, म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली.

छातीला बरगड्यांचा आडोसा आहे, पोटाला पुढून हाड नाही. जठर, आतडी, मूत्राशय हे सगळं सावरतात ते दोन्ही कुशींना एकावर एक बसलेले तीन सपाट स्नायू आणि मधोमध उभे असलेले दोन पट्टे. कुशीतल्या त्या तिघांचं मांस पुढे येता येता संपतं आणि तिथून पुढे पांढरे, रुंद, कंडरेचे पडदे सुरू होतात. सर्जन त्यांना ॲपोन्यूरोसिस म्हणतात. सर्वांत बाहेरच्या पडद्याचे धागे तिरपे खाली उतरतात, मधल्याचे त्यांना काटकोनात छेदून वर चढतात, आतल्याचे आडवे जातात. उभ्या पट्ट्यांना पुढून-मागून कवेत घेऊन हे पडदे मध्यावर पोचतात आणि पलीकडून आलेल्या पडद्यांशी धागा धागा गुंफले जातात. छातीच्या हाडाच्या टोकापासून जघनास्थीपर्यंत उतरणारी ही गुंफण म्हणजे लिनिया आल्बा, पांढरी रेषा. उजवीकडचा बाहेरचा स्नायू आकसला की त्याची ओढ या रेषेतून डावीकडच्या मधल्या स्नायूच्या पडद्यात उतरते. म्हणून आपण कमरेत वळू शकतो, घागर उचलू शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही रेषा जवळजवळ प्रत्येक स्त्रीत रुंदावते आणि बाळंतपणानंतर बहुतेकींत हळूहळू आवळत येते. स्नायूचं काम ओढायचं. ती ओढ कुठे पोचवायची आणि कुठे अडवायची, हे या पांढऱ्या पडद्यांच्या, म्हणजे संयोजी ऊतीच्या, हाती असतं.

"आता खाली या," मॅडम म्हणाल्या. बेंबी आणि जघनास्थी यांच्या साधारण मध्यावर एक बदल होतो. तोवर उभ्या पट्ट्यांच्या पुढून-मागून जाणारे सगळे पडदे तिथून खाली फक्त पुढून जातात. मागे उरतो तो पोटाच्या संपूर्ण पोकळीला आतून अस्तर लावणारा एक पातळ थर, ट्रान्सव्हर्सालिस फॅशिया. जांघेत तर त्याच्यावर आणखी भार पडतो. तिथे आतल्या दोन स्नायूंची खालची कड कमानीने वरून निघून जाते. बाहेरच्या पडद्याची खालची कड गुंडाळली जाऊन तिचा बंध होतो, तो कमरेच्या हाडाच्या टोकापासून जघनास्थीपर्यंत जातो. वर कमान, खाली बंध आणि मधल्या फटीत स्नायूचा एक धागा नाही. तिथे एकटी ही फॅशिया उभी असते. लंडनचा सर्जन ॲस्टली कूपर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिचं वर्णन करून ठेवलं होतं.

आणि निसर्गाने वाट काढली तीही इथूनच. मुलगा आईच्या पोटात सात ते नऊ महिन्यांचा असताना त्याची वृषणं पोटातून निघून याच वाटेने खाली उतरतात. मोठेपणी ती वाट साधारण चार सेंटिमीटर लांबीची, तिरपी, दोन टोकांना दोन दारं असलेली राहते. आतलं दार फॅशियात, बाहेरचं बाहेरच्या पडद्यात. ती तिरपी आहे म्हणूनच आपण बचावतो, कारण खोकताना कमान खाली येते, भिंती एकमेकींवर दाबल्या जातात आणि वाट मिटते. माणूस स्वस्थ निजलेला असताना पोटातला दाब पाऱ्याच्या काही मिलिमीटरइतकाच असतो. उभ्याने जोरात खोकलं की तो शंभराच्या घरात जातो. तो दाब रोज, आयुष्यभर, त्या फटीतल्या फॅशियाने सोसायचा असतो. ती ढिली पडली की आतडं बाहेर डोकावतं, आणि आपण म्हणतो अंतर्गळ झाला, हर्निया झाला. पुरुषांमधल्या साधारण चौघांतल्या एकाला तो आयुष्यात कधीतरी होतो.

"म्हणजे तू जे साफ केलंस," मॅडम त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "तेवढंच काय ते तिथे होतं."

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी.

एदोआर्दो बॅसिनी १८४४ साली इटलीतल्या पाविया इथे जन्मला. १८६६ मध्ये डॉक्टर झाला, पण इटलीच्या एकीकरणाचे ते दिवस होते. दवाखाना थाटण्याऐवजी तो त्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत गेला. २३ ऑक्टोबर १८६७ रोजी रोमच्या वेशीवरच्या व्हिला ग्लोरी इथे कायरोली बंधूंच्या नेतृत्वाखाली सत्तरेक तरुण पोपच्या सैन्याशी भिडले. त्यांत तेवीस वर्षांचा बॅसिनी होता. एका सैनिकाची संगीन त्याच्या उजव्या जांघेत घुसली. तो पकडला गेला. जखम आतड्यापर्यंत पोचली होती, तिच्यातून विष्ठा झिरपू लागली. जंतूंचं शास्त्र अजून शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचायचं होतं, अशा काळात या जखमेतून माणूस वाचणं दुर्मिळ. पावियात लुइजी पोर्ता या जुन्याजाणत्या सर्जनने त्याच्यावर उपचार केले आणि तो वाचला.

बरा झाल्यावर तो शिकायला बाहेर पडला. व्हिएन्नात बिलरोट, बर्लिनमध्ये लांगेनबेक, लंडनमध्ये जखमेतले जंतू मारायला शिकवणारा लिस्टर, अशा त्या काळातल्या थोर सर्जनांचं काम त्याने उभं राहून पाहिलं. १८८२ मध्ये तो पादुआच्या विद्यापीठात शिकवायला लागला.

त्या काळी हर्नियाचा रोगी म्हणजे जन्माचा रोगी. कमरेला चामड्याचा पट्टा बांधायचा, त्याची गादी जांघेवर आवळायची आणि दिवस काढायचे. सर्जन शस्त्रक्रिया करत, पण बाहेर आलेली पिशवी बांधून बाहेरचं दार शिवून टाकत. काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत, गाठ पुन्हा हजर. आतलं दार उघडंच राहिलेलं असे.

बॅसिनीने प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. छिद्र कसं बुजवू, हे त्याने आधी विचारलं नाही. निरोगी माणसात ही वाट मिटते कशी, हे विचारलं. उत्तर शरीररचनेत होतं: वाट तिरपी आहे, तिला पुढची भिंत आहे आणि मागचीही आहे. रोग्यात मागची भिंत गेलेली असते. तेव्हा तीच पुन्हा बांधायची. त्याने बाहेरचा पडदा उघडला, त्या वाटेने वृषणाकडे जाणारा शुक्रवाहिनीचा दोर बाजूला उचलला आणि मागची ढिली पडलेली फॅशिया आतल्या दारापासून जघनास्थीपर्यंत उभी चिरली. असं केल्यावरच तिची धड कड हाताला लागते. मग ती कड आणि वरचे दोन स्नायू असा तिहेरी थर एकत्र धरून त्याने रेशमाच्या टाक्यांनी खालच्या बंधाला शिवला. त्या नव्या भिंतीवर दोर परत ठेवला आणि वरून बाहेरचा पडदा बंद केला. वाट पुन्हा तिरपी झाली, दोन भिंतींची झाली.

ही शस्त्रक्रिया त्याने पहिल्यांदा १८८४ च्या अखेरीस केली. १८८७ मध्ये इटलीच्या सर्जनांपुढे मांडली. १८८९ मध्ये पुस्तक काढलं, त्यात २६२ शस्त्रक्रियांचा हिशोब दिला. एकेक रोगी शोधून, पुन्हा तपासून दिलेला हिशोब होता तो. हर्निया परत आलेले शेकडा तीनच्या आसपास. पुढच्याच वर्षी जर्मन भाषेत लेख आला आणि पादुआच्या प्राध्यापकाचं नाव जगभर झालं. अमेरिकेत हॉलस्टेड नावाचा सर्जनही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच वाटेने चालला होता. ज्या जागी संगीन घुसली होती त्याच जागेच्या शस्त्रक्रियेला बॅसिनीचं नाव लागलं, ते आजतागायत.

इथे मॅडम थांबल्या. मुलांना वाटलं, गोष्ट संपली.

"संपली असती तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "गोष्ट खरी इथून सुरू होते."

बॅसिनीची शस्त्रक्रिया करायला देशोदेशीचे सर्जन पुढे सरसावले. कुणी पादुआला जाऊन पाहिली, कुणी पाहिलेल्याकडून ऐकली, बहुतेकांनी चित्रात पाहिली. चित्रात काय दिसतं? शेवटचे टाके दिसतात. वरचा स्नायू खाली ओढून बंधाला शिवलेला दिसतो. त्याआधी मागची फॅशिया चिरली होती, तिची कड शोधली होती, ती त्या टाक्यात धरली होती, हे शिवून झाल्यावर दिसत नाही. तेवढंच गळालं. हात स्नायू ओढून बंधाला शिवू लागले, ढिली फॅशिया खाली तशीच राहिली. स्नायू आणि बंध मुळात एकमेकांपासून दूर. त्यांना जबरीने जवळ आणलं की टाक्यांवर ताण येतो, आणि ताणलेला टाका आतून हळूहळू कापत जातो. रोगी घरी जाई, वर्ष-दोन वर्षांनी दहातला एखादा परत येई. कागदावर मात्र बॅसिनीचंच नाव. आपल्याकडच्या वॉर्डांमध्येही 'मॉडिफाइड बॅसिनी' हे शब्द डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी उच्चारले आहेत.

"पण मॅडम, त्यांनी तो थर सोडला का?" मागच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं. "सर्जनच होते ना ते."

"तुझ्या या मित्राने का सोडला?" मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी नीट उत्तर दिलं. एक म्हणजे भीती. त्या फॅशियाच्या लगेच मागे मूत्राशय आहे, एका कडेने पोटाच्या भिंतीला रक्त देणारी धमनी वर चढते, खाली मांडीची मोठी रक्तवाहिनी आहे. चिरायचं तर हात सावध हवा, वेळ हवा. दुसरं म्हणजे, न चिरताही काम झाल्यासारखं दिसतं. टेबलावरून उठणारा रोगी दोन्ही पद्धतींत सारखाच दिसतो. भिंतीला आतून ओल आली असताना बाहेरून गिलावा करून घेतला, तर दिवाळीला घर छानच दिसतं. गिलावा फुगतो तो पुढच्या पावसाळ्यात, आणि तोवर गवंडी दुसऱ्या गावी गेलेला असतो. सर्जनचंही तसंच झालं. ज्याचा हर्निया परत येई तो पुष्कळदा दुसऱ्याच डॉक्टरकडे जाई. बॅसिनीने रोगी शोधून शोधून मोजले होते, यांनी मोजले नाहीत.

१९२४ साली बॅसिनी वारला. त्याचा शिष्य आत्तिल्यो कात्तेरिना तेव्हा जिवंत होता. गुरूच्या नावावर जे चाललं होतं ते त्याला पाहवेना. १९३० च्या दशकात त्याने एक चित्रसंग्रह काढला. ओराझ्यो गायगेर या चित्रकाराकडून शस्त्रक्रियेची पायरीन्‌पायरी रंगीत काढून घेतली, फॅशिया चिरण्याची पायरीही. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही निघालं. मला या शिष्याबद्दल फार आदर वाटतो. स्वतःच्या नावाची नवी शस्त्रक्रिया काढायची सोडून त्याने म्हातारपणी गुरूची गळालेली एक पायरी परत जागेवर ठेवायचा प्रयत्न केला. पण तोवर दोन पिढ्या चुकीचंच शिकून शिकवत्या झाल्या होत्या. पुस्तक कपाटात राहिलं.

ती पायरी पुन्हा सापडली ती कॅनडात. टोरांटोमध्ये अर्ल शोल्डाइस नावाचा सर्जन होता. दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण हर्नियापायी नाकारले जात होते, त्यांच्यावर तो शस्त्रक्रिया करी. १९४५ मध्ये त्याने फक्त हर्नियाचं रुग्णालय काढलं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हळूहळू जी पद्धत बसवली तिचा गाभा तोच होता: मागची फॅशिया आतल्या दारापासून जघनास्थीपर्यंत उघडायची, तिची एक कड दुसरीवर चढवायची आणि बारीक पोलादी तारेने, सलग टाक्यांनी, थरावर थर शिवायची. भूल जागेपुरती. रोगी शस्त्रक्रिया संपताच स्वतःच्या पायांनी चालू लागतो. तिथला सर्जन वर्षाला सहाशेहून अधिक हर्निया शिवतो आणि नवा आलेला आधी जुन्यांच्या हाताखाली उभा राहतो.

फरक किती पडला, याचा आकडा आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १९९३ ते २००७ या काळात हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या २,३५,१९२ जणांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. इतर रुग्णालयांत परत शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचं प्रमाण शेकडा पाचच्या आसपास होतं. शोल्डाइसच्या रुग्णालयात ते १.१५ होतं. आता ते रुग्णालय लठ्ठ रोग्यांना आधी वजन उतरवायला सांगतं, म्हणजे सगळंच श्रेय शिवणीला देता येत नाही, हे खरं. तरी चौपट अंतर नुसत्या वजनाने पडत नाही.

"मॅडम," मघाचा मुलगा म्हणाला. एवढा वेळ तो तुकडा त्याच्या हातातच होता. "पण आता तर जाळी बसवतात ना? काकांना बसवली. मग हे सगळं जुनंच झालं."

प्रश्न चांगला होता आणि मॅडमना तो आवडलाही. आज जगभर बहुतेक ठिकाणी जाळीच वापरतात. अमेरिकेत फ्रान्सिस अशर याने १९५० च्या दशकात प्लास्टिकची जाळी आणली, पुढे लिख्टेनश्टाइन या सर्जनने ओढाताण न करता मागच्या भिंतीवर ती अंथरायची पद्धत रुळवली. पण जाळी एकटी भिंत होत नाही. शरीरातल्या पेशी तिच्या भोकांतून शिरतात, कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे विणतात, आणि काही आठवड्यांनी जाळीभोवती नवी संयोजी ऊती तयार होते. जाळी म्हणजे त्या विणीचा आधार. काम शेवटी त्याच पांढऱ्या धाग्यांचं.

आणि मग मॅडमनी आपल्याकडच्या दोघांची नावं घेतली. ती घेताना त्यांचा चेहरा उजळला.

धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर गावातल्या माणसांवर शस्त्रक्रिया करत. परदेशी जाळीची किंमत शेतमजुराला पेलवणारी नव्हती. जाळी नको म्हणावं तर उपचार अपुरा, आणावी तर रोगी कर्जात. टोणगावकरांनी विचारलं, जाळीत नेमकं काय लागतं? धागा शरीराने सोसला पाहिजे, भोकं पेशी शिरतील एवढी हवीत, आणि वीण ताण सहन करणारी हवी. हे सगळं मच्छरदाणीच्या कापडात सापडत होतं. त्यांनी ते कापड निर्जंतुक करून वापरलं, देशातल्या इतर ठिकाणच्या सर्जनांना बरोबर घेतलं आणि २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त निष्कर्ष छापले. २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवर स्वस्त मच्छरदाणीची जाळी आणि महागडी कंपनीची जाळी यांची रीतसर तुलना झाली. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं.

दुसरे पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा. त्यांनी बाहेरची कुठलीच वस्तू घेतली नाही. बाहेरच्या पडद्याचीच एक पट्टी, तिची दोन्ही टोकं न तोडता, खाली बंधाला आणि वर स्नायूच्या कमानीला शिवली. पट्टी जिवंत राहते, स्नायू आकसला की ताणली जाते, आणि मागच्या भिंतीला हलता आधार मिळतो. २००१ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे पोलंडमधल्या डॉक्टरांनी तिची जाळीशी तुलना केली, तीन वर्षांनी दोन्ही गटांत हर्निया परत येण्याचं प्रमाण सारखं निघालं.

"म्हणजे यांनीही बॅसिनीची पद्धत बदललीच की," मागची मुलगी म्हणाली. "मग त्या लोकांनी बदलली तर चूक, आणि यांनी बदलली तर बरोबर?"

हॉलमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही. गोष्ट सांगणाऱ्याला याहून चांगला श्रोता मिळत नाही.

"बाळ, त्या लोकांनी बदलली नाही, त्यांच्याकडून गळाली," मॅडम म्हणाल्या. "काय गळालं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि नाव तेच ठेवल्यामुळे पुढच्यांनाही कळलं नाही. टोणगावकर आणि देसर्डा यांनी आधी विचारलं की ही भिंत काय काम करते. ते काम त्यांनी सोडलं नाही, वस्तू बदलली. आणि बदलल्यावर रोगी मोजले. वस्तू बदलायला माझी हरकत नाही. तुम्हीही बदला. पण आधी त्या थरापर्यंत जा."

त्या दुपारी त्याच मुलाने डाव्या जांघेचं विच्छेदन हाती घेतलं. त्याला चार दिवस लागले. परीक्षेच्या दृष्टीने ते चार दिवस वाया गेले असं टेबलावरच्या बाकीच्यांचं मत पडलं, आणि त्यात तथ्यही होतं, कारण तोंडी परीक्षेत फॅशियावर एकही प्रश्न आला नाही. पण कमान, बंध आणि मधली ती एकटी भिंत त्याने अखंड दाखवली, तेव्हा पलीकडच्या तुकड्यांतलीही मुलं बघायला आली. मामांनी पहिला तुकडा त्याच्या बादलीत परत ठेवला होता. वर्षाअखेर तो त्या दात्याच्या देहाबरोबर गेला.

ही गोष्ट सर्जनांची असली तरी ती वाचणाऱ्याच्याही उपयोगाची आहे. खोकताना किंवा ओझं उचलताना जांघेत गाठ येत असेल आणि निजल्यावर जात असेल, तर तो बहुधा हर्निया आहे. पट्ट्याने तो दाबला जातो, बरा होत नाही, कारण पट्टा फॅशियापर्यंत पोचतच नाही. त्रास नसेल तर काही काळ थांबता येतं, पण थांबायचं की नाही हे सर्जनला तपासून सांगू द्या. विडी-सिगारेट ओढत असाल तर सोडा. धुराने कोलॅजेनची झीज होते आणि शिवलेलं नीट धरत नाही. एकदा कापलेल्या अशा पडद्याला निम्मी ताकद यायलाच दोन महिन्यांच्या आसपास लागतात, आणि वर्षानंतरही पूर्वीची पूर्ण ताकद येत नाही, म्हणून डॉक्टर ओझं उचलू नका म्हणतात तेव्हा ऐका. शस्त्रक्रिया ठरली की सर्जनला विचारा: मागची भिंत तुम्ही कशाने भक्कम करणार, जाळीने की टाक्यांनी, आणि अशा शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? ज्याचा हात चांगला आहे तो या प्रश्नाने रागावणार नाही, कागद ओढून चित्र काढून दाखवील. आणि एवढं मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. गाठ आत जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलं आहे, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आहे. सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा.